शासकीय योजना आणि आपला लघुउद्योजक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टने आपल्या वाटचालीची पन्नास वर्षे पूर्ण केली, याबद्दल प्रथम सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. अशा सोहळ्यात वक्त्याने गतकाळाचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. परंतु विश्वस्तांनी मला दिलेला विषय पुढच्या पिढीच्या पोटापाण्याचा आहे. लहान उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यास शासनाचे अनुदान कसे मिळते, भांडवल कोठून उभे राहते आणि मार्गदर्शन कोण करते, याचा ऊहापोह मी करावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. माझी नोकरीची वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेली. अर्जदार टेबलाच्या अलीकडे बसतो. पलीकडे बसणाऱ्यास काय दिसते, हे त्याला सहसा कळत नाही. ते सांगण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

माझे म्हणणे आरंभीच थोडक्यात मांडतो. योजनांचा तुटवडा नाही. पैशाचाही, म्हटले तर, फार मोठा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो योजनेच्या दारापर्यंत आणि त्यानंतरची तीन वर्षे लहान उद्योजकाबरोबर चालणाऱ्या सोबतीचा. ही सोबत शासन काही अंशी देते, उरलेली समाजाने द्यावयाची असते.

आपला जिल्हा आणि आपली हळद

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके. जिल्हा लहान, कारखानदारी तुरळक. महाराष्ट्र शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे औद्योगिक विकासानुसार वर्गीकरण केलेले असते. २०१३ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या योजनांत हिंगोलीची गणना 'विनाउद्योग जिल्हा' अशा स्वतंत्र वर्गात झाली. हा शब्द कानाला बोचतो. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्या भागात उद्योग नाहीत, तेथे येणाऱ्या उद्योगास सवलती सर्वाधिक, असे या योजनेचे सूत्र आहे. पुण्याच्या उद्योजकाला जे मिळत नाही, ते कागदोपत्री तरी आपल्या दाराशी ठेवलेले आहे.

उद्योग नसले तरी कच्चा माल आहे. सिद्धेश्वर व येलदरीच्या पाण्याने पूर्णेचे खोरे भिजू लागले, तशी या भागात हळदीची लागवड वाढत गेली. आज हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठा हळदीसाठी राज्यभर ओळखल्या जातात. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणा २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात झाली. राष्ट्रीय हळद मंडळाचे काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्यालय निजामाबादला आहे आणि ते आपल्यापासून फार दूर नाही.

मग अडते कोठे? ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करेपर्यंत तिचे वजन साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. हे कष्टाचे काम आपला शेतकरी आणि त्याच्या घरच्या स्त्रिया करतात. हळकुंड तयार झाले की ते पोत्यात भरून सांगलीकडे वा परप्रांतात जाते. तेथे त्याची पूड होते, पाकिटात भरली जाते, त्यावर कोणाचे तरी नाव छापले जाते, आणि तेच पाकीट आपल्या किराणा दुकानात परत येते. मधल्या प्रवासातील नफा, मजुरी आणि नाव ही तिन्ही जिल्ह्याबाहेर राहतात. त्यांच्यामागोमाग आपली मुलेही पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला जातात. येथे बसलेल्या किती घरांतील मुलगा आज गावात आहे, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा. आजचा विषय केवळ अनुदानाचा नाही, तो या हिशेबाचा आहे.

दारे कोणती?

तरुणाचा पहिला प्रश्न असतो, जायचे कोठे? योजनांची नावे बदलतात, टक्केवारी बदलते, मुदती संपतात आणि वाढतात. कार्यालये मात्र फारशी बदलत नाहीत. म्हणून योजनांपेक्षा कार्यालयांची ओळख आधी करून घ्यावी.

पहिले दार जिल्हा उद्योग केंद्राचे. १९७७ च्या औद्योगिक धोरणानंतर १९७८ पासून देशभर ही केंद्रे सुरू झाली. लहान उद्योजकाची सर्व कामे जिल्ह्यातच व्हावीत, हा त्यांचा उद्देश. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम येथूनच राबवला जातो, तसेच खादी ग्रामोद्योग आयोग व मंडळामार्फतही. त्याच धर्तीवर राज्य शासनाने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. तोही याच केंद्रातून चालतो.

दुसरे दार जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाचे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २९ जून २०२० रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या यादीत हिंगोलीसाठी हळद निवडली गेली. गोदाम, प्रतवारी, प्राथमिक प्रक्रिया यांसाठी २०२० पासून कृषी पायाभूत सुविधा निधीही आहे. त्यात दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याजसवलत मिळते.

तिसरे दार निरनिराळ्या आर्थिक विकास महामंडळांचे. महात्मा फुले महामंडळ, अण्णा भाऊ साठे महामंडळ, इतर मागासवर्गीय महामंडळ, अण्णासाहेब पाटील महामंडळ अशी ती अनेक आहेत. कळमनुरीस एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आपल्या समाजापुरते सांगायचे तर, २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजना आपल्याला खुल्या झाल्या. राज्य शासनानेही २०२४ मध्ये जैन समाजासाठी स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळाचा निर्णय घेतला. हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यामुळे रोजगार निर्मिती कार्यक्रमात आपण विशेष प्रवर्गात मोडतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चौथे दार बँकेचे. वरच्या तिन्ही दारांतून आत शिरले तरी वाट शेवटी येथेच येते. कारण बहुतेक अनुदान कर्जाशी जोडलेले असते. बँकेने कर्ज मंजूर केले नाही, तर अनुदानाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. योगायोगाने हा आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. प्रशिक्षण, पंधरा हजारांपर्यंतची अवजारे, आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांचे पाच टक्के दराचे कर्ज असे तिचे स्वरूप आहे. आपल्या ओळखीच्या कारागिरांना हे अवश्य सांगावे.

एका उदाहरणाचा हिशेब

नुसती नावे ऐकून काही हाती लागत नाही. म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. औंढा तालुक्यातील एका खेड्यात एक भगिनी हळद पूड करून पाकिटे भरण्याचा उद्योग काढू इच्छिते. प्रकल्पखर्च दहा लाख रुपये.

रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील विशेष प्रवर्गास, म्हणजे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना, पस्तीस टक्के अनुदान आहे. शहरी भागात हेच प्रमाण पंचवीस टक्के. सर्वसाधारण प्रवर्गास ग्रामीण भागात पंचवीस आणि शहरात पंधरा टक्के. विशेष प्रवर्गाने स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात, सर्वसाधारणाने दहा टक्के. २०२२ पासून उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा पन्नास लाख आणि सेवा उद्योगासाठी वीस लाख करण्यात आली. तेव्हा आपल्या भगिनीचे स्वतःचे पन्नास हजार, बँकेचे कर्ज साडेनऊ लाख आणि अनुदान साडेतीन लाख.

अन्नप्रक्रिया योजनेतही अनुदान पस्तीस टक्केच, कमाल दहा लाख. स्वतःचा वाटा मात्र किमान दहा टक्के, म्हणजे एक लाख. मोठा भेद असा की, रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे पहिले कर्ज केवळ नव्या उद्योगासाठी असते. अन्नप्रक्रिया योजना मात्र चालू असलेल्या छोट्या गिरणीस वा मसाला उद्योगासही वाढीसाठी मिळते. एकाच उद्योगासाठी दोन्हींकडून अनुदान घेता येत नाही. या दोन्ही योजनांना २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची मान्यता होती. म्हणून अर्ज करतेवेळी त्या वर्षी लागू असलेले दर व अटी कार्यालयातून लेखी समजून घ्याव्यात. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे साडेतीन लाख रुपये भगिनीच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत तीन वर्षे वेगळे ठेवले जातात. तेवढ्या रकमेवर तिला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षे उद्योग नीट चालला, हप्ते नियमित गेले, तर ही रक्कम कर्जात वळती होते. उद्योग बंद पडला, तर अनुदानाचा हक्क जातो आणि कर्ज मात्र मागे उरते. अनुदान ही आरंभीची भेट नव्हे. तीन वर्षे टिकून राहिलेल्या उद्योगास मिळणारे ते पारितोषिक आहे. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण हळदीच्या जिल्ह्यात तरी आपण विसरू नये.

पुढची गोष्ट खेळत्या भांडवलाची. हिशेबाच्या सोयीसाठी हळकुंडाचा भाव क्विंटलला दहा हजार धरू. रोज एक क्विंटल पूड केली आणि महिन्याचे पंचवीस दिवस काम केले, तर महिन्याला अडीच लाखांचे हळकुंड लागेल. पूड दुकानदाराला उधारीवर द्यावी लागते. ती उधारी दोन महिन्यांची धरली, तर आणखी पाच लाख बाजारात अडकले. म्हणजे यंत्रसामग्रीवर दहा लाख खर्च केल्यानंतर उद्योग नुसता हलता ठेवण्यास साडेसात लाख हवेत. अन्नप्रक्रिया योजनेच्या अनुदानात खेळते भांडवल धरले जात नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ते काही प्रमाणात धरता येते. माझ्या अनुभवात लहान उद्योग यंत्र बिघडल्याने क्वचितच बंद पडले. यंत्र चकचकीत उभे आणि हळकुंड घ्यायला पैसा नाही, या अवस्थेत ते बंद पडले. म्हणून प्रकल्प अहवाल करताना यंत्राच्या दरपत्रकाआधी खेळत्या भांडवलाचा हिशेब मांडावा.

बँक काय पाहते?

बँकेचा अधिकारी अर्जात पाच गोष्टी शोधतो. माल कोण घेणार? कच्चा माल कोठून येणार? अर्जदारास त्या कामाचा अनुभव वा प्रशिक्षण आहे काय? पूर्वीच्या कर्जाची परतफेड कशी आहे? आणि स्वतःचा वाटा खरोखर त्याच्या खात्यात आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्याच्या तोंडी आहेत, त्याचा अहवाल थोडा वेडावाकडा असला तरी चालतो. ज्याचा अहवाल सुबक छापलेला आहे पण त्यातील एकही आकडा ज्याला सांगता येत नाही, त्याच्याविषयी अधिकाऱ्याच्या मनात शंका उभी राहते.

परतफेडीचा इतिहास सिबिलच्या नोंदीत दिसतो. मित्राच्या कर्जास जामीन राहिलो, मोबाईलचे हप्ते थकवले, हे सर्व तेथे नोंदले जाते. कर्ज मागण्याच्या वर्षभर आधी आपली नोंद पाहून घ्यावी, चूक असल्यास दुरुस्त करून घ्यावी. व्यवहार रोखीने न करता खात्यातून करावेत. विवरणपत्र भरण्याची सवय लावून घ्यावी. कागद हे लहान उद्योजकाचे पहिले भांडवल आहे.

तारणाविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. 'माझ्या नावावर शेत नाही, मला कोण कर्ज देणार?' असे तरुण म्हणतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना दिली. त्याहून मोठ्या कर्जासाठी केंद्र शासन व सिडबी यांनी २००० साली स्थापलेला पतहमी निधी न्यास आहे. त्याच्या हमीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत वाढवण्यात आली. ही हमी बँकेसाठी असते. कर्ज बुडाले तर बँकेस काही भरपाई मिळते. कर्जदाराची जबाबदारी मात्र त्यामुळे संपत नाही.

८ एप्रिल २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेविषयीही स्पष्ट सांगतो. शिशु गटात पन्नास हजार, किशोर गटात पाच लाख, तरुण गटात दहा लाख, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यास २०२४ पासून वीस लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. परंतु ते कर्ज आहे, त्यात अनुदान नाही. कर्जमाफीच्या आशेने ते उचलणाऱ्यांनी स्वतःचेच दार कायमचे बंद करून घेतले आहे.

या सर्व गोंधळात मध्यस्थ शिरतो. 'अमुक टक्के द्या, अनुदान आणून देतो,' असे म्हणणारे इसम प्रत्येक तालुक्यात भेटतात. साडेतीन लाखांच्या अनुदानातील पन्नास हजार आधीच रोख देऊन बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांतील एकीने त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले होते. अर्ज पुढे मंजूर झाला नाही आणि रोख घेणारा इसम पुन्हा दिसला नाही. म्हणून लक्षात ठेवावे, रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज संकेतस्थळावर विनाशुल्क करता येतो. २०२० पासूनची उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. जे काम शासन फुकट करते, त्यासाठी घरातील सोने मोडावे लागते, ही आपल्या अज्ञानाची किंमत आहे.

फुकट मिळणारे मार्गदर्शन

अन्नप्रक्रिया योजनेत प्रत्येक जिल्ह्यास संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल तयार करणे, बँकेत पाठपुरावा करणे, अन्न परवाना व उद्यम नोंदणी मिळवून देणे हे त्यांचे काम. त्यांचे मानधन शासन देते, उद्योजकाने काहीही द्यावयाचे नसते. यांची नावे कृषी कार्यालयात विचारून घ्यावीत.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची कथा तर या व्यासपीठावर आवर्जून सांगण्यासारखी आहे. कर्नाटकातील धर्मस्थळ येथील मंजुनाथाच्या देवालयाचा कारभार परंपरेने एक जैन घराणे पाहते. त्या घराण्यातील धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने १९८२ साली उजिरे येथे त्यांचा शिक्षण ट्रस्ट, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांनी मिळून बेकार ग्रामीण तरुणांसाठी एक निवासी प्रशिक्षण संस्था काढली. प्रशिक्षण विनामूल्य, राहणे-जेवण विनामूल्य, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा, ही तिची पद्धत. तिचे यश पाहून केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात बँकांमार्फत अशी संस्था असावी, असे धोरण स्वीकारले. एका धर्मसंस्थेने सुरू केलेले काम देशाचे धोरण झाले. तेथे शिकायला येणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारला नाही. या संस्थेचे प्रशिक्षण घेतलेल्याकडे बँकेचा अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी अनुभवाने सांगतो.

छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून असेच काम करीत आहे. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय ही तर आपल्या अंगणातील ज्ञानकेंद्रे आहेत. पुडीत ओलावा किती असावा, पाकीट कोणते वापरावे, या प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. हजारो रुपयांचे यंत्र घेण्याआधी परभणीचे एक तिकीट काढणे स्वस्त पडते.

मार्गदर्शन म्हणजे केवळ माहिती नव्हे, दृष्टीही. जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या व्यापारापासून आरंभ केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद कारखाना घेतला. केळीची भुकटी चालत नाही, हे ओळखून त्याच यंत्रांवर पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास सुरुवात केली आणि माल परदेशी गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी रेल्वेच्या ठेकेदारीत पाऊल टाकले, ते त्या कामाची जाण असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे अनुभव. दोन्ही एका ठिकाणी क्वचितच असतात, म्हणून ती एकत्र आणावी लागतात.

आपले कर्तव्य

आता थोडे परखड बोलतो, त्याबद्दल क्षमस्व. येथे बसलेले बहुसंख्य बंधू व्यापारी आहेत. लहान उद्योजकाचा माल आपणच घेतो, आणि उधारीही आपणच थकवतो. मघाशी मांडलेल्या हिशेबात त्या भगिनीचे पाच लाख अडकले होते ते कोणाच्या दुकानात? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' संकेतस्थळ सुरू झाले. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यातही अशी तरतूद केली की, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. परंतु खेड्यातील भगिनी आपल्या गिऱ्हाईक दुकानदाराविरुद्ध तक्रार करील काय? ती करणार नाही. ती निमूटपणे यंत्र बंद करील. शासनाने दिलेले पस्तीस टक्के आपल्या उधारीच्या वहीत बुडतात. तेव्हा या सुवर्णमहोत्सवात एक निश्चय करता येईल. लहान उद्योजकाचे पैसे पंधरा दिवसांत. याहून मोठे अनुदान कोणतेही शासन देऊ शकणार नाही.

दुसरी सूचना ट्रस्टसाठी. ट्रस्टच्या निधीस हात न लावता हे काम करता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ या वास्तूतील एक खोली उघडी ठेवावी. समाजातील एक निवृत्त बँक अधिकारी, एक कर सल्लागार, एक अनुभवी व्यापारी आणि संगणक जाणणारा एक तरुण अशा चौघांनी तेथे बसावे. येणाऱ्याचा अर्ज पाहावा, अहवालातील आकडे त्याच्याकडून वदवून घ्यावेत, कोणत्या कार्यालयात जायचे ते सांगावे, आणि गरज पडल्यास सोबत जावे. कर्ज मंजूर झाल्यानंतरची तीन वर्षे दर तीन महिन्यांनी त्याची वही पाहावी. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेशी बोलावे. कर्ज थकल्यावर बोलणे आणि थकण्याआधी बोलणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तीन पथ्ये मात्र पाळावीत. कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत, नात्यागोत्याची शिफारस करू नये, आणि दार सर्व समाजांसाठी खुले ठेवावे. कळमनुरीच्या आदिवासी पाड्यावरील तरुण आणि आपल्या पेठेतील तरुण यांना त्या खोलीत एकच बाक असावा.

पूर्वी आपल्या पेढ्यांवर नवा मुलगा गावाहून आला, तर शेठजी त्याला प्रथम पैसे देत नसत. गादीच्या कोपऱ्यावर बसवून वही लिहायला शिकवीत, माल ओळखायला शिकवीत, आणि मग आपल्या शब्दावर बाजारातून माल मिळवून देत. त्या शब्दाला साख म्हणत. भांडवल आज बँकेत मिळते, प्रशिक्षण शासन देते. ही साख मात्र कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ती आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या साठलेली आहे आणि दिल्याने ती कमी होत नाही.

पुढील पाच वर्षांत या जिल्ह्यातील पाच तालुक्यांत पाच जरी प्रक्रिया उद्योग आपल्या सोबतीने उभे राहिले आणि तीन वर्षे टिकले, तरी त्या खोलीतील संध्याकाळी सार्थकी लागल्या, असे मी समजेन. वसमतच्या हळदीच्या पाकिटावर वसमतचेच नाव छापलेले असावे, आणि ते छापणारे हात येथलेच असावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. 

जय जिनेंद्र. जय महाराष्ट्र.